मॉपच्या खोक्यातून निघालेली ई-सिगारेट

सप्टेंबर २०२२. गुजरातमधल्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी चीनहून आलेला माल उघडायला लावला. कागदोपत्री ते होते फरशी पुसायचे मॉप. आत निघाल्या दोन लाखांवर ई-सिगारेटी, बाजारभावाने सुमारे ४८ कोटी रुपयांच्या. भारतात ई-सिगारेटवर २०१९पासून बंदी आहे, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि मागवणाऱ्यालाही. म्हणून तर मॉप.

अशा बातम्या आता जगभरातून येतात. कुठे खेळणी म्हणून आलेला माल पकडला जातो, कुठे दुकानं पेटवली जातात, कुठे जप्त केलेल्या नळीत चक्क भुलीचं औषध सापडतं. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की बोटाएवढ्या वाफेच्या नळीभोवती टोळ्या, खंडण्या, हवाला हे सगळं जमलंच कसं? माझ्या मते याचं अर्धं उत्तर त्या नळीच्या बांधणीत आहे आणि अर्धं देशोदेशीच्या कायद्यांमधल्या फटींत. दोन्ही बघू.

## आधी वस्तू उघडून बघू

वापरून फेकायची ई-सिगारेट उघडली तर आत मुख्यतः तीन गोष्टी हाताला लागतात. करंगळीएवढी लिथियम बॅटरी. द्रवात भिजलेला कापसासारखा बोळा. आणि त्या बोळ्यातून गेलेली तारेची बारीक गुंडाळी. तोंडाने ओढलं की आतला छोटा सेन्सर जागा होतो, बॅटरी तार तापवते आणि द्रवाचं धुकं होऊन बाहेर येतं. आपण त्याला वाफ म्हणतो, पण खरं तर ते अतिबारीक थेंबांचं धुकं असतं. काही जळत नाही, म्हणून राख नाही आणि तंबाखूचा तो ओळखीचा वासही नाही.

द्रवात बहुतेक वेळा प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चवीची रसायनं आणि निकोटिन असतं. निकोटिन म्हणजे तंबाखूतलं व्यसन लावणारं रसायन. या सगळ्या उपकरणाला आजकाल 'व्हेप' म्हणतात. आपणही यापुढे तेच म्हणू.

आता यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. व्हेप ही बंद डबी आहे. सिगारेट फाडली तर तंबाखू दिसतो, हुंगता येतो. दारूच्या बाटलीला निदान रंग आणि वास असतो. व्हेपमधल्या द्रवात काय आहे, किती आहे, हे ओढणाऱ्याला कळत नाही, विकणाऱ्याला कळेलच असं नाही, आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला तर प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय कळूच शकत नाही. आंब्याच्या चवीचं म्हणून लिहिलंय, तर आंब्याचा वास येतो. बस.

## जन्माने कायदेशीर, वाटेत बेकायदा

आजच्या व्हेपचा जनक मानला जातो तो होन लिक हा चिनी औषधतज्ज्ञ. त्याने २००३च्या सुमारास हे यंत्र बनवलं, आणि आजही जगातले बहुतांश व्हेप चीनमधल्याच शेन्झेन शहरात आणि त्याच्या आसपास तयार होतात. बॅटरी, सर्किट, प्लास्टिकचे साचे, चवीची रसायनं, सगळं हाकेच्या अंतरावर. नवा नमुना बाजारात आणायला तिथे काही आठवडे पुरतात.

गंमत अशी, की खुद्द चीनने १ ऑक्टोबर २०२२पासून आपल्या बाजारात फळांच्या आणि गोड चवींच्या व्हेपवर बंदी घातली. चीनमधल्या ग्राहकाला तंबाखूच्याच चवीचा व्हेप मिळू शकतो. निर्यातीला मात्र ती अट नाही. म्हणजे स्ट्रॉबेरीचा व्हेप बनवणं शेन्झेनमध्ये कायदेशीर, तो शेन्झेनमध्ये विकणं बेकायदा, आणि परदेशी पाठवणं पुन्हा कायदेशीर!

तो परदेशी पोचला की काय होतं, हे कुठे पोचला त्यावर ठरतं. भारतात १८ सप्टेंबर २०१९ला अध्यादेश आला आणि त्याच वर्षी कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवणूक, जाहिरात, सगळ्यालाच बंदी. सिंगापूरमध्ये २०१८पासून जवळ बाळगणं आणि ओढणंसुद्धा गुन्हा आहे. ब्राझीलने २००९मध्येच विक्रीला बंदी केली. मेक्सिकोने तर जानेवारी २०२५मध्ये ही बंदी थेट संविधानात लिहिली. ऑस्ट्रेलियात व्हेप मिळतो, पण जुलै २०२४पासून फक्त औषधाच्या दुकानात. ब्रिटनमध्ये विक्री खुली आहे, मात्र टाकीत २ मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव नको, निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नको, आणि १ जून २०२५पासून वापरून फेकायचा प्रकारच बंद. अमेरिकेत सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाची परवानगी लागते, आणि ती आजवर जेमतेम काही डझन उत्पादनांना मिळाली आहे.

गांजा किंवा कोकेनचं तसं नाही. ते शेतातून निघतानाच बहुतेक ठिकाणी बेकायदा असतं, म्हणून पोलिसांना माग काढायला सुरुवात तरी असते. व्हेप कारखान्यातून उजळ माथ्याने निघतो. पावती असते, कर भरलेला असतो, निर्यातीचे कागद असतात. प्रवासात कुठेतरी एक हद्द ओलांडतो आणि त्या क्षणी तस्करीचा माल होतो. हा 'कुठेतरी' कोणाचा, यावरच टोळ्या जगतात. बनवणारा म्हणतो, मी तर कायद्याने विकला. मधला दलाल म्हणतो, मी दुसऱ्याच देशात पाठवत होतो. शेवटचा दुकानदार म्हणतो, मला कुणीतरी आणून दिला.

## खोक्यावर काय लिहिलं आहे?

तस्करी म्हटलं की डोळ्यांसमोर मध्यरात्रीची होडी येते. प्रत्यक्षात बराचसा माल दिवसाढवळ्या, मोठ्या बंदरातून, शिक्क्याच्या कागदांसह येतो. फक्त कागदावर खोटं लिहिलेलं असतं.

डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेने लॉस एंजेलिसच्या विमानतळावरच्या मालातून सुमारे १४ लाख व्हेप जप्त केल्याचं जाहीर केलं, किंमत १ कोटी ८० लाख डॉलर. त्यातल्या बऱ्याच मालावर खेळणी, बूट असं लिहिलेलं होतं आणि किंमतही चुकीची दाखवली होती. २०२५मध्ये शिकागोत ४७ लाख नग सापडले. म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांत पकडलेल्या मालाचा आकडा तिप्पट. यातून माल वाढला असं म्हणायचं की पकडणारे हुशार झाले असं म्हणायचं, हे नुसत्या जप्तीच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. जप्तीचा आकडा म्हणजे जाळ्यात आलेले मासे. तळ्यात किती आहेत ते जाळं सांगत नाही.

हे इतकं सोपं का जातं, याचं एक रुक्ष पण महत्त्वाचं कारण आहे. जगभरच्या व्यापारात प्रत्येक वस्तूला एक सांकेतिक क्रमांक असतो. कस्टम्स त्या क्रमांकावरून कर आकारतं आणि कुठला कंटेनर उघडायचा ते ठरवतं. ई-सिगारेटला जागतिक यादीत स्वतःचा क्रमांक मिळाला तो थेट २०२२च्या आवृत्तीत. तोवर हा माल 'इतर विद्युत उपकरणं' अशा भल्यामोठ्या गाठोड्यात जायचा. ज्या वस्तूला नावच नाही तिच्या आयातीचा हिशेब कोण ठेवणार?

आणि उघडायचा म्हटला तरी किती कंटेनर उघडणार? मोठ्या बंदरात रोज हजारोंनी येतात. त्यातला अगदी थोडा भाग प्रत्यक्ष उघडून पाहिला जातो, बाकीचा कागद आणि क्ष-किरण यांच्या भरवशावर सुटतो. क्ष-किरणात व्हेप कसा दिसतो? बॅटरी असलेल्या कुठल्याही छोट्या वस्तूसारखा. खेळणं, टॉर्च, ट्रिमर, काहीही. त्यात आता माल मोठ्या कंटेनरऐवजी लहान लहान कुरिअर पाकिटांतूनही येतो. एक पाकीट गेलं तर गेलं, उरलेली पोचतात.

## नफ्याचं साधं गणित

मुंद्राचेच आकडे घ्या. ४८ कोटींना दोन लाख नगांनी भागलं तर एका नळीचा बाजारभाव २,४००च्या आसपास येतो. कारखान्यातून ती यापेक्षा कितीतरी स्वस्त निघते. वजन काही ग्रॅम, नासण्याची घाई नाही, वास नाही.

आता दुसऱ्या पारड्यात शिक्षा ठेवा. भारतातल्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा सापडला तर सहा महिने किंवा पन्नास हजार, किंवा दोन्ही. (तस्करी असेल तर सीमाशुल्क कायद्याची कलमं वेगळी लागतात.) याउलट अमली पदार्थांच्या व्यापारी प्रमाणातल्या साठ्याला दहा ते वीस वर्षं आहेत.

गुन्हेगार हा शेवटी धंदेवाईक माणूस. एका कंटेनरमागे कोट्यवधी मिळणार आणि पकडलं गेल्यास लाखाचा दंड, तर तो कुठे वळेल? ज्याच्याकडे आधीच माणसं, गाड्या, गोदामं, लाच खाणारे ओळखीचे आणि बनावट कागद करून देणारे आहेत, त्याला व्हेप ही नुसती एक जादा ओळ. नवं दुकान टाकावं लागत नाही, जुन्याच फळीवर नवा डबा ठेवायचा.

## मग टोळ्या नेमक्या शिरतात कुठे?

याचं सगळ्यात भयंकर आणि सगळ्यात नीट नोंदलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं आहे. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात मार्च २०२३पासून तंबाखू आणि व्हेप विकणाऱ्या दुकानांना आगी लागायला लागल्या. एक नाही, दोन नाही, १००हून अधिक. पद्धत जवळपास ठरलेली. पहाटेची वेळ, चोरीची गाडी, दुकानाचं दार त्याच गाडीने फोडायचं, आत पेट्रोल ओतायचं, पेटवायचं आणि पळायचं. पेटवणारे बऱ्याचदा पैसे देऊन आणलेली कोवळी पोरं. पोलिसांनी यासाठी 'लूनार' नावाचं खास पथक उभं केलं.

का पेटवायचं? तर दुकानदाराला टोळीकडून निरोप जातो: आमचाच माल ठेवायचा, आणि दर आठवड्याला इतके पैसे द्यायचे. नाही म्हटलं तर आग. दुसऱ्या टोळीचा माल ठेवला तरी आग. प्रामाणिक दुकानदार यात दोन्हीकडून भरडला जातो. बेकायदा माल ठेवला तर पोलीस, नाही ठेवला तर टोळी. जानेवारी २०२५मध्ये मेलबर्नच्या पश्चिमेच्या एका उपनगरात चुकीच्या घराला आग लावली गेली आणि एका तरुणीचा हकनाक बळी गेला. तिचा या धंद्याशी काडीचाही संबंध नव्हता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ऑस्ट्रेलियातली ही लढाई मुळात साध्या सिगारेटींवरून पेटली. तिथे तंबाखूवरचा कर जगात सर्वाधिकांमध्ये मोडतो, एक पाकीट ४० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जातं, त्यामुळे करचुकवी सिगारेट हा आधीपासूनच मोठा धंदा होता. व्हेप त्याच दुकानांत, त्याच माणसांकडून, त्याच काउंटरखालून विकले जाऊ लागले. त्यामुळे 'व्हेपमुळे दुकानं जळाली' हे वाक्य अर्धंच खरं. व्हेपने जळत्या चुलीत आणखी लाकडं घातली, असं म्हणणं जास्त बरोबर.

ब्रिटनमध्ये चित्र इतकं भडक नाही, पण आतून पोखरलेलं आहे. तिथे अशी दुकानं सापडतात ज्यांच्या कंपनीच्या कागदांवर नाव असलेल्या माणसाचा दुकानाशी काहीच संबंध नसतो. त्याला नाव वापरू देण्याचे पैसे मिळतात, एवढंच. दुकानावर धाड पडली की ती कंपनी बंद, दुसऱ्या नावाने तीच फळी, तेच दार पुन्हा उघडं. माल खोट्या भिंतीमागे, जमिनीखालच्या कप्प्यात, नाहीतर बाहेर उभ्या असलेल्या गाडीत. तंबाखू हुंगायला शिकवलेली कुत्री घेऊन अधिकारी फिरतात. काउंटरवर उभा असलेला माणूस बऱ्याचदा कामाचा परवाना नसलेला स्थलांतरित, तुटपुंज्या पैशांवर दिवसभर राबणारा. धाडीत तोच सापडतो. मालक कधीच तिथे नसतो.

## पैसा सीमा कशी ओलांडतो?

हा भाग थोडा किचकट आहे, पण एकदा कळला की बाकीचं आपोआप उलगडतं.

समजा, तुम्ही माझ्या भावाचे शंभर रुपये देणं लागता आणि तुमची बहीण माझे शंभर देणं लागते. तुम्ही आणि मी एका गावात, भाऊ आणि बहीण दुसऱ्या गावात. पैसे गावाबाहेर पाठवायची गरजच नाही. तुम्ही ते शंभर मला द्या, तिकडे बहीण भावाला देईल, दोन्ही देणी फिटली. दोन्ही गावांत नोटा फिरल्या, पण रस्त्यावरून एकही नोट गेली नाही. हवाला तो हाच.

आता मोठ्या आकारात बघा. युरोपातल्या एखाद्या शहरात अमली पदार्थ विकणाऱ्या टोळीकडे नोटांची पोती साठली आहेत. त्या बँकेत भरता येत नाहीत. दुसरीकडे चीनमध्ये असा श्रीमंत माणूस आहे ज्याला आपला पैसा देशाबाहेर न्यायचा आहे, पण तिथे माणशी वर्षाला ५०,००० डॉलरच्या परकीय चलनाची मर्यादा आहे. मधला दलाल दोघांची गाठ घालतो. युरोपातल्या नोटा त्या श्रीमंताच्या युरोपातल्या माणसाला मिळतात. त्या बदल्यात तो चीनमध्ये युआन मोजतो, आणि ते युआन शेन्झेनच्या पुरवठादाराकडे व्हेपच्या मालापोटी जमा होतात. माल जहाजात चढतो. युरोपात उतरला की दुकानांतून सुट्या नोटांनी विकला जातो, आणि ही विक्री दिसायला अगदी किरकोळ दुकानदारीसारखी.

म्हणजे कोकेनच्या पैशाचे व्हेप झाले आणि व्हेपचा पैसा गल्ल्यातून बाहेर आला. बँकेच्या नोंदीत काहीच नाही. हे व्हेपपुरतंच आहे असं नाही, मोबाईलपासून कपड्यांपर्यंत अनेक वस्तू अशा वापरल्या जातात. पण लहान, महाग, पटकन खपणारी आणि रोखीने विकली जाणारी वस्तू यासाठी सोयीची, आणि व्हेप या चारही कसोट्यांवर उतरतो.

## बंद डबीत दुसरंच काही

आता त्या सुरुवातीच्या बंद डबीकडे परत या.

२०१९च्या उन्हाळ्यात अमेरिकेत धडधाकट तरुण माणसं श्वास लागून दवाखान्यात भरती होऊ लागली. फुप्फुसं सुजलेली, संसर्ग मात्र कुठलाच नाही. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ दगावले. बरेच दिवस कुणाला कारण कळेना. शेवटी बोट गेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट रसायनाकडे.

ते तिथे आलं कसं, यात काळ्या बाजाराची सगळी बुद्धी दिसते. गांजाच्या अर्काचे बेकायदा व्हेप विकले जात होते. अर्क महाग आणि मधासारखा घट्ट. त्यात भेसळ केली की तो पातळ होतो आणि गिऱ्हाईक फसत नाही. गिऱ्हाइकांची कसोटी होती: काचेची कुपी उलटी धरायची आणि आतला बुडबुडा किती सावकाश वर चढतो ते बघायचं. सावकाश चढला तर माल अस्सल. मग विकणाऱ्यांना असं काही हवं होतं, जे स्वस्त असेल, बिनवासाचं असेल आणि घट्टही दिसेल. व्हिटॅमिन ई ॲसिटेट नेमकं तसं. त्वचेला लावायच्या क्रीममध्ये ते निरुपद्रवी असतं. तापवून फुप्फुसात गेलं की गोष्ट वेगळी. रिकाम्या कुप्या आणि झगमगीत छापील खोकी कुणालाही विकत मिळत होती. ब्रँड दिसायचा, पण त्यामागे कारखाना नव्हताच. कुणीही घरात बसून भरायचा.

दुसरा प्रकार आशियातला, आणि अगदी ताजा. एटोमिडेट हे शस्त्रक्रियेआधी भूल द्यायला वापरतात ते औषध. ते इंजेक्शनमधून देतात, आणि या इंजेक्शनचा एक जुना, नेहमीचा प्रकार प्रोपिलीन ग्लायकॉलमध्येच विरघळवलेला असतो. नाव ओळखीचं वाटलं? व्हेपच्या द्रवातला मुख्य घटक तोच. म्हणजे हे औषध व्हेपमध्ये घालायला काही मोठं रसायनशास्त्र लागत नाही. ओढणारा झोकांड्या खातो, हातपाय थरथरतात, शुद्ध हरपते. सिंगापूरमध्ये अशा व्हेपना 'केपॉड' म्हणतात. तिथे २०२५च्या मध्यात जप्त केलेल्या शंभरावर व्हेपची तपासणी झाली, तेव्हा साधारण तिसऱ्या हिश्शात एटोमिडेट निघालं. सरकारने १ सप्टेंबर २०२५पासून त्याला थेट अमली पदार्थांच्या यादीत टाकलं, आणि ते चोरून आणणाऱ्याला आता लांब कैदेबरोबर फटक्यांचीही शिक्षा आहे. हाँगकाँगने त्याच वर्षी फेब्रुवारीत हेच केलं होतं. तिथलं टोपणनाव 'स्पेस ऑइल'.

इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ३८ शाळांत मुलांकडून जप्त झालेले ५९६ व्हेप तपासले. सहातल्या एकात 'स्पाइस' नावाचा कृत्रिम गांजा सापडला. मुलं तो गांजाचा अर्क समजून घेत होती. प्रत्यक्षात ते त्याहून कितीतरी दांडगं आणि बेभरवशाचं रसायन.

अमली पदार्थांच्या टोळ्यांना व्हेप का आवडतो, हे मला वाटतं यातून स्पष्ट होतं. सुई नको, चिलीम नको, धूर नको. वर्गाच्या मागच्या बाकावर बसूनही ओढता येतं, आणि शिक्षकाला फळाचा मंद वास येतो, इतकंच.

## 'मग बंदीच उठवा ना!'

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो खुळा नाही. अमेरिकेने १९२० ते १९३३ दारूबंदी केली आणि त्यातून गुन्हेगारी टोळ्या पोसल्या गेल्या, हा इतिहास आहे. मग व्हेपही खुला करून टाकला तर?

अडचण अशी, की वरची यादी पुन्हा वाचली तर बेकायदा व्यापार सगळीकडेच दिसतो. पूर्ण बंदी असलेल्या भारत-सिंगापूरमध्ये आहे, औषधाच्या दुकानापुरती सूट असलेल्या ऑस्ट्रेलियात आहे, विक्री खुली असलेल्या ब्रिटन-अमेरिकेतही आहे. फरक प्रकाराचा. बंदी असते तिथे सगळाच व्यापार चोरटा होतो. खुल्या बाजारात नियमांपेक्षा मोठी टाकी, जास्त निकोटिन, जास्त चवी हा चोरट्या मालाचा आकर्षणबिंदू ठरतो. दोन मिलिलिटरवाला कायदेशीर व्हेप साधारण सहाशे झुरके देतो. शेजारी कित्येक हजार झुरक्यांचा बेकायदा मिळतो आणि हिशेबाने स्वस्त पडतो. गिऱ्हाईक काय करेल?

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कायदेशीर वाट फार अरुंद केली की गर्दी आडवाटेला वळते. ऑस्ट्रेलियात ज्याला व्हेप हवा त्याला आधी डॉक्टर गाठावा लागायचा, आणि कोपऱ्यावरचं दुकान मात्र काही न विचारता द्यायचं. ऑक्टोबर २०२४पासून प्रौढांना कमी निकोटिनचा व्हेप चिठ्ठीशिवाय, औषधविक्रेत्याशी बोलून मिळू शकतो, पण तोवर सवय आडवाटेची पडली होती.

तेव्हा बंदी की मोकळीक हा प्रश्न मला अपुरा वाटतो. नियम जो काही असेल, त्याची अंमलबजावणी करणारा माणूस, त्याच्या हातातला तपासणीचा संच आणि दंडाची रक्कम नफ्याच्या तुलनेत कुठे आहे, यावर जास्त ठरतं.

या वादात एक सावधगिरी. 'कर वाढवला की तस्करी वाढते, म्हणून कर कमी करा' हा युक्तिवाद तंबाखू कंपन्यांचा जुना लाडका आहे. तो सांगणाऱ्यांचा स्वतःचा इतिहास मात्र स्वच्छ नाही. सिगारेटींच्या तस्करीच्या वादातून फिलिप मॉरिस कंपनीने २००४मध्ये युरोपीय संघाशी तडजोड केली आणि बारा वर्षांत सव्वा अब्ज डॉलर देण्याचं कबूल केलं. तस्करीचा एखादा अहवाल वाचताना तो कुणाच्या पैशाने लिहिला गेला, हे पहिल्या पानाच्या तळाशी शोधायची सवय चांगली.

## 'पण तो सिगारेटपेक्षा कमी घातक असतो ना?'

नियमांत बनवलेला व्हेप जळत्या सिगारेटपेक्षा कमी हानिकारक आहे, असं ब्रिटनची आरोग्ययंत्रणा सांगते आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना तो पर्याय म्हणून सुचवते. न ओढणाऱ्याने सुरू करू नये, हेही तीच सांगते. पण हा वाद नियमांत बनवलेल्या व्हेपचा आहे. चोरट्या मालाला तो लागूच होत नाही, कारण त्यात काय आहे हेच माहीत नाही. २०२३मध्ये बीबीसीने एका शाळेत जप्त झालेले व्हेप तपासून घेतले, तर त्यांत शिसं, निकेल आणि क्रोमियम सापडलं.

## 'मी एक घेतला तर काय मोठंसं?'

एकाने काहीच होत नाही. टोळीचा धंदा मात्र अशा एकेकट्यांवरच चालतो. शिवाय व्यवहाराची गोष्ट: विकणाऱ्याकडे बिल नाही, त्याचा पत्ता नाही, त्रास झाला तर डॉक्टरला सांगायला नाव नाही.

## जप्त मालाचं पुढे काय होतं?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि मला तोच सगळ्यात चमत्कारिक वाटतो. जप्त दारू गटारात ओतता येते, सिगारेटी जाळता येतात. व्हेपचं तसं नाही. आतल्या लिथियम बॅटरीला छेद गेला किंवा ती चेपली की पेट घेते, म्हणून चुरा करायच्या यंत्रात नुसती लोटता येत नाही. द्रव नाल्यात सोडता येत नाही. निकोटिन अमेरिकेत तीव्र घातक कचऱ्याच्या यादीत आहे. नीट विल्हेवाट लावायची तर नळी उघडावी लागते, बॅटरी वेगळी, भिजलेला बोळा वेगळा, प्लास्टिक वेगळं. शेन्झेनच्या कामगाराने ज्या क्रमाने ती जुळवली, त्याच्या बरोबर उलट क्रमाने, हातमोजे घालून, एकेक करून. खर्च जप्त करणाऱ्या सरकारचा.

शिकागोत सापडलेले नग होते ४७ लाख.